सांबारात उभे राहणारे आजोबा

आमच्या गेममधले एक आजोबा कॉफी संपली तरी घरी जायचे नाहीत. कप काउंटरवर ठेवायचे, सावकाश वळायचे, भिंतीतून आरपार स्वयंपाकघरात शिरायचे आणि सांबारच्या मोठ्या पातेल्यात कमरेपर्यंत उभे राहायचे. चेहरा समाधानी. मधूनच मान हलवायचे, मीठ बरोबर पडलंय म्हणून सांगितल्यासारखी.

गेम दर्शिनीचा होता. दर्शिनी म्हणजे उभ्या उभ्या इडली-वडा खायचं बंगळूरचं हॉटेल. खेळणाऱ्याने फोनवर ते चालवायचं, इडल्या वाफवायच्या, गिऱ्हाइकांना ताटकळू द्यायचं नाही, कॉफीवर फेस आणायचा. हेब्बाळला आमचं छोटं ऑफिस आहे, खिडकीतून तलावाचा एक तुकडा दिसतो. तिथे मी टेस्टर आहे. गेम बाजारात जाण्याआधी तो मोडून बघणं हे माझं काम, आणि नागपूरहून इथे आले तेव्हापासून मी दुसरं काही केलेलं नाही.

हे काम मला ज्यांनी शिकवलं, त्यांच्याच घराच्या वरच्या मजल्यावर मी राहते. मल्लेश्वरमचं जुनं मराठी घराणं आहे ते. किती पिढ्या इथे झाल्या ते त्यांनाही नीट सांगता येत नाही. मी नोकरीला लागले तेव्हा ते आमच्या टेस्टिंग विभागाचे प्रमुख होते. मराठी बोलणारी पोरगी बघून त्यांनी वरची खोली भाड्याने दिली. सगळ्या गल्लीचे ते अण्णा, आणि त्यांची बायको अक्का. माझेही तेच.

तेव्हा गेम तबकडीवर निघायचे. आम्ही परदेशी कंपन्यांचे गेम तपासायचो, आणि अण्णांचा एकच मंत्र होता, छापलं की छापलं. एकदा तबकड्या छापून दुकानात गेल्या की त्यांतली चूक कोणाच्या बापाला काढता येत नसे. म्हणून आम्ही प्रत्येक खोलीच्या प्रत्येक भिंतीला घासत चालायचो. कुठे फट असली तर गेममधला माणूस तिच्यातून जगाबाहेर पडतो आणि खाली खाली पडतच राहतो. सेव्ह होत असताना मेमरी कार्ड उपटायचो. ऐन मारामारीत कंट्रोलरची वायर काढून गेम गांगरतो का ते बघायचो. शुक्रवारी गेम चालू ठेवून घरी जायचो आणि सोमवारी तो जिवंत आहे का ते बघायला यायचो. एवढं करून गेम कन्सोल बनवणाऱ्या कंपनीकडे जायचा. तिथली माणसं तो पुन्हा पहिल्यापासून तपासायची. नापास झाला की मुकाट्याने परत.

अण्णांच्या हाताखाली मला गेमचा राग यायला लागला होता. पण त्यांच्या सहीनंतर बाहेर पडलेल्या तबकडीत माणूस भिंतीतून जाणार नाही याची खात्री असायची.

आता आमचा मालक पुण्याचा आहे, तरुण आहे, आणि चिडत अजिबात नाही. तो फक्त "नंतर" म्हणतो. आजोबांबद्दल मी रीतसर कळवलं होतं. लिहिलं होतं, 'वृद्ध ग्राहक कॉफी संपल्यावर बाहेर जात नाही. स्वयंपाकघरात जाऊन सांबारच्या पातेल्यात उभा राहतो. अपेक्षित वर्तन: घरी जावा.' रिलीजच्या आधीच्या मीटिंगमध्ये मालकाने ते मोठ्याने वाचलं.

"ताई, हा ब्लॉकर नाहीये," तो म्हणाला. "गेम क्रॅश होतो का? नाही. खेळ अडतो का? नाही. एक माणूस सांबारात उभा आहे, बस."

"कमरेपर्यंत," मी म्हटलं.

"डे वन पॅचमध्ये काढू."

डे वन पॅच म्हणजे गेम ज्या दिवशी बाहेर पडतो त्याच दिवशी निघणारी त्याची दुरुस्ती. नवा शर्ट घेताना दुकानदाराने पिशवीत ठिगळही घालून द्यावं, तसं. लोकांना आता त्यात काही वावगं वाटत नाही. शर्ट घालायचा, वर ठिगळ लावायचं, पुढच्या महिन्यात आणखी एक येतं.

मी वाद घातला नाही. इतक्या वर्षांत मी एक शिकले आहे. मालकाला न पटलेली चूक दुरुस्त व्हायची असेल तर ती दुसऱ्या कोणाच्या तरी डोळ्यांवर पडू द्यावी. त्या संध्याकाळी मी खाली गेले आणि अक्कांच्या टॅबवर गेम घालून दिला. अक्का असं काहीतरी खेळायला मागतच होत्या. अण्णा समोरच पेपर वाचत होते.

"हे संपूर्ण आहे की अजून यायचंय?" त्यांनी पेपराआडूनच विचारलं.

"थोडं यायचंय."

"अर्धं शिजलेलं मी खात नाही," असं म्हणून त्यांनी पान उलटलं.

माझा हिशेब असा होता की अक्कांना आजोबा दिसतील, त्या हसतील, अण्णा बघतील, भडकतील, आणि उद्या मी ऑफिसात सांगेन की पहिल्याच गिऱ्हाइकाने तक्रार केली. तसं काही झालं नाही. सकाळी ऑफिसला निघताना अक्का दारात उभ्या होत्या.

"तिंडी झाली का तुझी?" त्यांनी विचारलं. या घरात नाश्त्याला तिंडीच म्हणतात. "बस स्वल्प. ते म्हातारे कोण गं तुमच्या हॉटेलातले?"

"कोण म्हातारे?" मी भोळेपणाने विचारलं.

"सांबारात उभे राहतात ते. किती छान ठेवलंय. माणूस रिटायर झाला की असंच होतं बघ. घरी बायको काम सांगते, म्हणून हॉटेलात जाऊन उभा राहतो." त्यांनी आतल्या खोलीकडे एक नजर टाकली. "मी त्यांना वडा देते अधूनमधून. घेत नाहीत, पण मान हलवतात."

आमचा डे वन पॅच आला, पण तो लॉगिन होत नाही या तक्रारीतच खर्ची पडला. दुसरा आला, त्यात कॉफीचा आवाज दुरुस्त झाला. आजोबा राहिले. आणि अक्कांसारख्याच दुसऱ्या लोकांनाही ते दिसायला लागले. कोणीतरी त्यांचा छोटा व्हिडिओ करून टाकला. मग दुसऱ्या कोणीतरी. लोक गेम उघडायचे ते थेट स्वयंपाकघरात जायचे. सांबार संपू द्यायचं नाही, कारण पातेलं रिकामं झालं की आजोबा उघडे पडतात, असा एक नियमच लोकांनी आपापसात करून टाकला होता. हेब्बाळच्या ऑफिसात हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही आमच्याच गेमचे व्हिडिओ बघत नव्हतो, कारण आम्ही त्याची ठिगळं शिवत बसलो होतो.

मग एका मोठ्या अपडेटमध्ये आमच्या प्रोग्रामरने आजोबांना दुरुस्त केलं. हा मुलगा मंगळूरचा, कमी बोलणारा, आणि आपलं काम चोख करणारा. चूक साधी होती. प्रत्येक गिऱ्हाइकाला खाऊन झाल्यावर कुठे जायचं ते सांगून ठेवलेलं असतं. आजोबांना ते सांगायचंच राहून गेलं होतं. ज्याला जागा सांगितलेली नसते त्याला संगणक नकाशाच्या शून्य बिंदूवर पाठवतो, आणि आमचा शून्य बिंदू नेमका सांबारच्या पातेल्यात होता. त्याने आजोबांना रस्त्यापलीकडची एक गल्ली नेमून दिली. मी तपासलं. आजोबांनी कॉफी प्यायली, कप ठेवला, दारातून बाहेर पडले, रस्ता ओलांडला आणि गेले. मी 'पास' लिहिलं. मनातून मला ते बघून जरा कसंसंच झालं, पण त्याला रकाना नसतो.

अपडेट बाहेर पडला त्या दिवशी मी घरी आले तर अक्का अंगणात वाटच बघत होत्या.

"त्यांना कुठं पाठवलंत?"

"कोणाला?"

"उगाच विचारू नको. मी वडा घेऊन गेले तर पातेल्यात कोणी नाही. दार उघडून बघितलं तर रस्त्याने चाललेत एकटेच. वळूनसुद्धा बघितलं नाही."

"अक्का, ती चूक होती. आम्ही दुरुस्त केली."

"चूक?" त्या म्हणाल्या. "इतके दिवस मी चुकीला वडे देत होते?"

त्यांनी माझ्यासमोरच गेमला एक तारा दिला. खाली काय लिहावं ते त्यांना सुचेना, म्हणून त्यांनी मलाच विचारलं. मी स्वतःच्या गेमविरुद्ध तक्रार लिहून देणारी जगातली पहिली टेस्टर असेन की काय कोण जाणे, पण मी ती मन लावून लिहिली. लिहिलं, 'आजोबा घरी गेले. अपेक्षित वर्तन: सांबारात उभे राहावेत.'

सकाळी मालकाने सगळ्यांना टेबलाभोवती बोलावलं. तशा तक्रारींचा ढीग लागला होता. तो स्क्रीनवर एकेक वाचून दाखवत होता. आजोबांना परत आणा. सांबार बेचव झालं. आमच्या घरी रोज संध्याकाळी आजोबांना बघायला सगळे बसायचो. मग तो अक्कांच्या तक्रारीशी थांबला.

"हे कोणीतरी फार प्रोफेशनल लिहिलंय," तो म्हणाला.

मी तलावाकडे बघितलं.

"ठीक आहे," तो म्हणाला. "बग परत टाका. आजच."

प्रोग्रामरने मान हलवली, बसला, आजोबांना नेमून दिलेली गल्ली काढून टाकली आणि गेम चालू केला. आजोबांनी कॉफी प्यायली, कप ठेवला, वळले, भिंतीतून आरपार गेले आणि भर रस्त्यात जाऊन उभे राहिले. झालं असं होतं की त्याच अपडेटमध्ये आम्ही ज्यूसचा काउंटर वाढवला होता, त्यासाठी सगळं दुकान बाजूला सरकवलं होतं, आणि शून्य बिंदू आता रस्त्याच्या मधोमध आला होता. आजोबांच्या पोटातून बस गेली, मागून रिक्षा गेली. ते मान हलवत होते.

"दुकान परत सरकवायचं?" मालकाने विचारलं.

"सरकवलं तर ज्यूसवाला भिंतीत जाईल," प्रोग्रामर शांतपणे म्हणाला.

मग मालकाला एक युक्ती सुचली. चूक कशाला हवी, आपण आजोबा मुद्दाम बनवू. आमच्या चित्रकार मुलीने फार सुंदर आजोबा केले. पातेल्यातून वाफ यायची, आजोबा डोळे मिटून वास घ्यायचे, खेळणाऱ्याकडे बघून हात हलवायचे. ऑफिसात टाळ्या पडल्या.

"ताई, तुमच्या अक्कांना दाखवा," मालक म्हणाला. ती तक्रार कोणाची ते मी एव्हाना कबूल केलं होतं, आणि त्याला आता अक्का म्हणजे बाजारपेठ वाटायला लागली होती.

मी तो नमुना घरी नेला. अक्कांनी चष्मा लावला, आजोबांना हात हलवताना बघितलं आणि टॅब माझ्याकडे सरकवला.

"हे ते नाहीत."

"तेच आहेत. चेहरा तोच आहे."

"ह्यांना माहीत आहे आपण सांबारात आहोत ते," अक्का म्हणाल्या. "त्यांना माहीत नव्हतं."

मी ऑफिसात जाऊन तसंच्या तसं लिहिलं, 'वृद्ध ग्राहकाला आपण सांबारात असल्याचं कळतं. अपेक्षित: कळू नये.' आमच्या धंद्यात चूक पकडणाऱ्याला आता चूक पुरेशी चुकत नाही म्हणून तक्रार करावी लागत होती. प्रोग्रामरने माझा अहवाल वाचला, प्रथमच माझ्याकडे बघून हसला आणि वाफ काढून टाकली, हात हलवणं काढून टाकलं. मग आजोबांना भिंत टाळून दारातून आत जाताना मी पकडलं. तेही काढायला लावलं. मग ते पातेल्यात गुडघ्यापर्यंतच बुडत होते. तेही.

या सगळ्या दिवसांत अण्णा पेपराआडच होते. पण त्यांच्या पेपराचं पान उलटत नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं होतं. एका रविवारी सकाळी मी नवा नमुना घेऊन खाली बसले होते, अक्का कॉफी गाळत होत्या, तेव्हा त्यांनी पेपर खाली ठेवला.

"लाज वाटायला पाहिजे," ते म्हणाले. "सांबारात माणूस उभा. आणि तो नीट उभा आहे का ते बघत बसलीयस. आमच्या वेळी असली तबकडी बाहेर पडली असती तर मी राजीनामा दिला असता."

स्वयंपाकघरातून अक्कांचा आवाज आला. "आणि घोडा?"

अण्णांनी पेपर पुन्हा उचलला.

"कुठला घोडा?" मी विचारलं.

"सांगा की तिला," अक्का कॉफी घेऊन बाहेर येत म्हणाल्या. "ही नोकरीला लागायच्या आधीचं आहे. ह्यांनी सही केलेल्या खेळात एक घोडा होता. पूल ओलांडताना त्याच्यावरून उतरलं की घोडा नदीत जायचा आणि खेळ कायमचा अडकायचा. तबकड्या छापून झाल्या मग कळलं. काय केलं मग? सांगा."

अण्णांनी कप हातात घेतला, फुंकर घातली. "डब्यात एक चिठ्ठी घातली," ते म्हणाले.

"काय लिहिलं होतं?"

"पुलावर घोड्यावरून उतरू नये."

मला हसू आवरेना. अण्णांनाही शेवटी हसू आलं, पण त्यांनी ते कॉफीत लपवलं. इतकी वर्षं ज्यांच्या मंत्राचा मला धाक होता, त्यांचं ठिगळ कागदाचं होतं एवढंच. मला ते ऐकून बरं वाटलं. राग आला नाही. खरं सांगायचं तर त्या चिठ्ठीमागेही एक शरम होती. ती चिठ्ठी घालताना कोणाचा तरी चेहरा पडला असेल. आमच्याकडे पॅच जातो तेव्हा कोणाचाच पडत नाही, उलट त्यावर 'नवीन सुधारणा' असं लिहितात.

"दे इकडे ते," अण्णा म्हणाले आणि त्यांनी टॅब ओढून घेतला.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते बघून मला माझे नोकरीचे पहिले दिवस आठवले. आजोबांच्या वाटेत टेबल आणून ठेवलं. कॉफी अर्धी असतानाच गॅस बंद केला. मधेच फोन आल्यासारखं करून गेम झाकून ठेवला आणि पुन्हा उघडला. टॅबवरची तारीख पुढे ढकलली, मागे ओढली. अक्का म्हणाल्या, ऊन आलं, आता बाजारात जाऊन या, तर "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणत बसूनच राहिले. मग त्यांनी दुकानाचं शटर ओढलं, पुन्हा उघडलं, आणि टॅब माझ्यापुढे धरला. पातेलं रिकामं होतं.

"दुकान बंद केलं की हा नाहीसा होतो."

"बंद केल्यावर सगळीच गिऱ्हाइकं जातात, अण्णा."

"सगळी जातात. हा का जाईल? ह्याला जायला जागाच नाही, तूच म्हणालीस. शटर उघडल्यावर तो तिथेच पाहिजे." त्यांनी चष्मा पुसला. "हे नीट झाल्याशिवाय मी असतो तर सही केली नसती."

मी सोमवारी ते मीटिंगमध्ये मांडलं. अपडेट शुक्रवारी जायचा होता. तशी जाहिरातही झाली होती. मालकाने नेहमीप्रमाणे 'नंतर' म्हणायला तोंड उघडलं, आणि बंद केलं.

"लोकांच्या लक्षात येईल का?" त्याने विचारलं.

"अक्कांच्या येईल," मी म्हटलं.

तो खुर्चीत मागे टेकला. प्रोग्रामर म्हणाला की हे व्हायला वेळ लागेल, कारण शटर पडल्यावर दुकान पुसून टाकायचं आणि एकट्या आजोबांना राहू द्यायचं, हे सरळ काम नाही. मालकाने खिडकीबाहेर बघितलं. मग तो म्हणाला, "थांबवा. शुक्रवारी नको. आजोबा नीट झाले की मग काढू."

मी इतकी वर्षं या ऑफिसात आहे. लॉगिन होत नसताना आम्ही गेम काढला आहे. कॉफी जांभळी दिसत असताना काढला आहे. एकदा तर सुरू करायचं बटणच नव्हतं. दर्जासाठी म्हणून थांबवलेला आमचा हा एकमेव रिलीज, आणि तो थांबला एका माणसाला नीट चुकता येत नव्हतं म्हणून. मी ही गोष्ट अण्णांना सांगितली त्या दिवशी त्यांनी मला जेवायला खालीच बसवलं आणि अक्कांना कोसंबरी जास्त वाढायला सांगितली.

अपडेट पुढे निघाला. आजोबा सांबारात परत आले, कमरेपर्यंत, काही न कळता. शटर पडतं, दिवे जातात, ते उभेच असतात. सकाळी शटर वर जातं तेव्हा मान हलवतात. अक्कांनी एक तारा काढून पाच दिले. खाली काय लिहायचं ते यावेळी मला विचारलं नाही, स्वतःच लिहिलं, 'आले.' दर नव्या आवृत्तीच्या आधी मी आता आजोबांना तपासते. ते भिंतीतून गेले की पास, दारातून गेले की नापास. नवीन आलेल्या टेस्टर मुलीला हे समजावताना माझी पुरेवाट झाली. तिला वाटलं मी तिची गंमत करते आहे.

मालक मात्र बदलला. त्याला आता चुकांची भूक लागली आहे. परवा माझ्या टेबलाशी आला, खुर्ची ओढून बसला आणि हळूच म्हणाला, "ताई, आजोबांसारखं अजून काही आहे का आपल्या गेममध्ये?"

"बघते," मी म्हटलं.

बघायचं काही नव्हतं, मला माहीत होतं. दुकानाबाहेर एक निळी स्कूटर लावलेली असते. ती दिवसभर जमिनीत इंचाइंचाने खचत जाते, संध्याकाळपर्यंत नुसते आरसे वर राहतात. मी ते कळवलेलं नाही. कळवलं तर मालक तिच्यावर वाफ सोडेल, तिला डोळे बसवेल. अण्णांनाही ती दिसली आहे. काल दुपारी ते टॅबवर बराच वेळ रस्त्याच्या त्या कोपऱ्यात थांबले होते. मी मागे उभी आहे हे कळताच त्यांनी बोटाने टॅबवरचं चित्र सरकवलं, आणि इडल्या वाफल्या का ते बघायला दुकानात आत गेले.